आधी रांग, मग खरेदी

"दादा, एक डिले घेऊ का?" किंवा "टीएस९ घेऊ की ब्लूज ड्रायव्हर?" असले मेसेज मला बरेच येतात (ही सगळी गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जोडायची, पायाने दाबून आवाज बदलणारी पेडल्स), कारण आमच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपमध्ये या छंदापायी सगळ्यात जास्त पैसे घालवलेला माणूस मीच आहे असा एक समज आहे (आणि तो खरा आहे). माझं उत्तर आता ठरलेलं आहे. मी उलट विचारतो, घेशील रे, पण बसवणार कुठे? गिटारनंतर लगेच? डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर? ॲम्पच्या आधी की त्याच्या लूपमध्ये, म्हणजे ॲम्पच्या आतल्या प्रीॲम्पनंतरच्या जॅकमध्ये? समोरचा गप्प. लोकांना वाटतं पेडल निवडणं हे एक काम आणि ते बोर्डवर, म्हणजे पेडल्स चिकटवायच्या फळीवर मांडणं हे दुसरं, आधी दुकान मग वेल्क्रो. मला ते पटत नाही. एकच पेडल दोन वेगवेगळ्या जागी ठेवलं की दोन वेगळी पेडल्स असल्यासारखं वागतं, मग जागा ठरवल्याशिवाय निवडणार काय डोंबल? आणि बऱ्याचदा असं होतं की घरात आहेत त्यांचीच जागा बदलली की नवीन घ्यायचं कारणच उरत नाही, जे दुकानदाराला आवडत नाही पण खिशाला बरं पडतं.

आता नेटवर सगळीकडे एक रांग सापडते: ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, मग आवाज फाडणारे ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (दोघांना मिळून ड्राइव्ह म्हणतात), मग आवाज हलवणारा कोरस नाहीतर फेजर (म्हणजे मॉड्युलेशन), मग नोट परत परत ऐकवणारा डिले आणि शेवटी हॉलसारखा घुमारा देणारा रिव्हर्ब. ती चुकीची नाहीये, नवीन माणसाने तीच लावावी. पण ती अशी का आहे ते कुणी सांगत बसत नाही, मग लोक ती पाठ करतात आणि पुढे अडकतात. कारण अगदी साधं आहे, पेडलला तुमची गिटार ऐकू येत नसते, त्याच्या आधीच्या जॅकमधून जे आलं तेवढंच त्याला कळतं. डिस्टॉर्शन काय करतं, आलेला सिग्नल वाढवतं आणि त्याची टोकं कापतं, त्यामुळे हळू वाजलेलं आणि जोरात वाजलेलं जवळपास एकाच उंचीवर येतं आणि वर नवीन हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या वरचे सूर, तयार होतात. त्याच्या आधी डिले ठेवला की डिलेचे विरत जाणारे रिपीट्सही उचलून वर आणले जातात, म्हणजे ते विरतच नाहीत, आणि तोवर तुम्ही पुढची नोट वाजवलेली असते, दोन्ही एकत्रच कापल्या जातात आणि सगळं मडी, म्हणजे गढूळ होतं. डिले नंतर ठेवला तर तो आधीच कापून तयार झालेला आवाज परत परत ऐकवतो, स्वच्छ. प्रत्यक्षातही तेच होतं ना, ॲम्प आधी फाटतो आणि तो फाटलेला आवाज मग हॉलच्या भिंतींवर आपटून परत येतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा एको, रिव्हर्ब हे माइकने घेतलेल्या आवाजावर नंतर चढवायचे. कानाला त्याचीच सवय आहे म्हणून ती रांग. शूगेझ या धूसर, गोंगाटी रॉकवाले मुद्दाम रिव्हर्ब आधी आणि फझ (सगळ्यात जास्त फाडणारं पेडल) नंतर लावतात, त्यांना तो मडच हवा असतो, आणि त्यात काही चूक नाही.

माझा सल्ला असा की रांग शेवटाकडून लावायला घ्या. शेवटाला काय आहे? ॲम्प. आणि कुठला? घरी काय आहे ते सोडा, तुम्ही बँडबरोबर जिथे वाजवता तिथे काय आहे ते बघा. आपल्याकडच्या जॅमरूममध्ये बहुतेक वेळा सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प असतो, नशीब असेल तर रोलँडचा जेसी-१२०. हा १९७५ पासूनचा ॲम्प, ६० अधिक ६० वॉट, दोन बारा इंची स्पीकर, आणि काहीही केलं तरी क्लीनच, म्हणजे न फाटता राहणारा (त्याच्यावरच्या डिस्टॉर्शनच्या नॉबला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका). अशा ॲम्पवर सगळी घाण पेडलनेच करायची असते, त्यामुळे एकट्याच्या जिवावर उभं राहणारं पेडल पाहिजे, उदाहरणार्थ रॅट नावाचं डिस्टॉर्शन. उलट नुसता ट्यूबस्क्रीमर (टीएस, वर विचारलेला टीएस९ हा त्यातलाच हिरवा डबा) जेसीमध्ये लावून बघा, नाकातून गायल्यासारखं येतं. त्यात त्या हिरव्या डब्याचा दोष नाही. तो बास कापतो, साधारण ७२० हर्ट्झच्या आसपासचे मिड्स, म्हणजे मधले स्वर, पुढे आणतो, आणि तो आवाज खरा खुलतो तो आधीच थोडा फाटायला आलेल्या ट्यूब ॲम्पच्या तोंडावर ढकलल्यावर. तुमच्याकडे ट्यूब ॲम्प नाही आणि नेटवर कुणीतरी फेंडरच्या ट्यूब ॲम्पवर टीएस वाजवलेला ऐकून तुम्ही तो मागवला, तर घरी येणारा डबा तोच असेल, आवाज मात्र तो येणार नाही.

आणि तिसरी शक्यता, जी आपल्याकडे सगळ्यात जास्त आणि जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं: ॲम्पच नाही. ऑर्केस्ट्रा, लग्नाचा संगीत कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग, साउंडवाला एक डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायचा डबा) पुढे सरकवतो आणि म्हणतो यात लावा. क्लीनला चालून जातं. डिस्टॉर्शन दाबलं की नुसतं चर्र. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं बोलतच नाही, डिस्टॉर्शनच्या वरच्या टोकाचा सगळा कचरा तो गाळून टाकतो, आणि पीएच्या, म्हणजे हॉलच्या मोठ्या साउंड सिस्टिमच्या ट्वीटरला तसली काही लाज नसते. तुम्ही असले कार्यक्रम करत असाल तर तिसरा ओव्हरड्राइव्ह घेण्याऐवजी रांगेच्या शेवटी एक कॅब सिम्युलेटर घ्या, गिटार ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा छोटा डबा असतो, दिसायला काहीच भारी नाही, इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखा तर मुळीच नाही. पण प्रेक्षकात बसलेल्याला सगळ्यात मोठा फरक त्यानेच ऐकू येईल.

आता मधली गंमत, म्हणजे दोन ड्राइव्ह एकमेकांत घालणं, स्टॅकिंग. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच उडतात.

माझ्या भाच्याचा फोन, "मामा, सोलोला आवाज मागेच पडतो रे, बूस्टर घेऊ का? क्लीन बूस्ट सगळे घेतात." म्हटलं ये घेऊन बोर्ड. बोर्डवर रॅटचा एक क्लोन, म्हणजे नक्कल, त्याच्या आधी टीएस, नंतर डिले. रॅटचं डिस्टॉर्शन दोन वाजता (नॉबची जागा घड्याळाच्या काट्यासारखी सांगतात), म्हणजे ऱ्हिदमलाच भरपूर गेन, म्हणजे आवाज खूप फाटलेला. सोलोला हा टीएस पण दाबायचा, ड्राइव्ह बारावर, लेव्हल दोनवर. मी म्हटलं वाजव. वाजवलं, आणि खरंच, टीएस दाबल्यावर आवाज जाड झाला, सस्टेन वाढला, थोडी शिट्टी यायला लागली, पण मोठा काही झाला नाही. होणारच नाही! रॅटमध्ये आधीच सगळी टोकं कापली जातायत, त्याच्या तोंडात अजून सिग्नल ओतला तर तो अजून कापला जाणार, बाहेर येणाऱ्याची उंची रॅटचा व्हॉल्यूम ठरवतो. मग मी दोघांच्या मधली पॅच केबल काढून अदलाबदल केली, आधी रॅट मग टीएस, टीएसचा ड्राइव्ह पूर्ण खाली, लेव्हल तीन वाजता, टोन बाराच्या जरा पुढे. ऱ्हिदम वाजवली, टीएस दाबला, आणि सोलो एकदम समोर येऊन उभा राहिला, कारण आता कापून झालेल्या आवाजाला टीएस वर उचलत होता आणि शिवाय त्याचे ते मिड्स, जे बँडमध्ये ड्रम आणि बासच्या मधून वाट काढतात. भाचा म्हणाला, "अरे हे तर बूस्टरच झालं." मग काय. बूस्टरचे पैसे वाचले, त्यातून त्याने पुढे चांगला पॉवर सप्लाय घेतला, त्याच्याबद्दल खाली बोलतो.

याचा अर्थ टीएस आधी ठेवणं चूक असं अजिबात नाही. मेटलवाले तर मुद्दाम हाय गेनच्या आधीच ठेवतात, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तिथे त्यांना आवाज मोठा नकोच असतो, त्यांना तो बास कापणारा गुण हवा असतो, खालची ई तार पाम म्यूट केली की भसभस न होता घट्ट टकटक वाजते. हिरवा डबा तोच, आधी ठेवला की आवाज टाइट करतो, नंतर ठेवला की सोलो पुढे आणतो. मोठं गेन असलेल्या डब्याच्या आधी जे येतं ते पोत बदलतं, नंतर येतं ते उंची बदलतं, ढोबळमानाने एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. व्हॉल्यूम पेडललाही हेच लागू, ड्राइव्हच्या आधी ठेवलं तर पाय मागे घेतल्यावर गेन उतरतं, नंतर ठेवलं तर गेन तसंच राहून नुसता आवाज कमी होतो. फक्त घेताना बघून घ्या, पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल साधारण २५० किलोओहम आणि २५ किलोओहम अशा दोन जातींत मिळतं, पहिलं थेट गिटारच्या मागे लावायला, दुसरं बफरच्या (सिग्नलला पुढे ढकलायची ताकद देणारं छोटं सर्किट) किंवा चालू पेडल्सच्या नंतर. २५ वालं थेट गिटारला लावलं तर ट्रेबल जातो आणि माणूस पिकअपला दोष देत बसतो. बघा, इथेसुद्धा जागा ठरल्याशिवाय खरेदी होत नाही.

रॅटचा विषय निघालाच आहे तर, त्याच्यावर टोनच्या जागी फिल्टर नावाचा नॉब असतो आणि तो उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. १९७८ पासून अमेरिकेतल्या कॅलमझू गावात सुरू झालेलं हे प्रकरण, आत एलएम३०८ नावाची चिप, जी तशी संथ आहे आणि त्या संथपणामुळेच त्याचा आवाज तसा येतो असं मानतात. मूळ चिपवालं जुनं रॅट हवं म्हणून लोक भरमसाट पैसे मोजतात. मी मोजणार नाही. त्याहून वेडेपणा क्लॉन नावाच्या ओव्हरड्राइव्हचा, १९९४ मध्ये आलेला तो सोनेरी डबा आता सेकंडहँड लाखांत जातो, आणि त्याचे क्लोन काही हजारांत मिळतात, डोळे बांधून वाजवा आणि बँडसोबत वाजवा, मग बोलू.

फझ. हा एकटाच असा प्राणी आहे जो रांगेत कुणाच्या मागे उभं राहायला तयार नसतो. म्हणजे बिग मफसारखे समजूतदार असतात, कुठेही ठेवा. मी बोलतोय ते फझ फेसच्या जातीबद्दल, १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटरने काढलेला तो गोल डबा आणि त्याची आजवरची सगळी पिलावळ. आत दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर पार्ट, बस. त्याचा इनपुट इंपीडन्स फार कमी, म्हणजे तो पिकअपवर जास्त भार टाकतो, त्यामुळे गिटारचा पिकअप आणि तो डबा मिळून एकच सर्किट झाल्यासारखे वागतात. माझा फझ पूर्ण उघडलेला असतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून सातवर आणला की तो जवळजवळ क्लीन होतो, तोही असा चमकणारा, काचेसारखा क्लीन जो ॲम्पच्या क्लीन चॅनलवर कधी मिळत नाही. सहाच्या खाली अजून साफ. एकही पेडल न दाबता करंगळीने तीन आवाज. आता याच फझच्या आधी बॉस कंपनीचा ट्यूनर ठेवा. बंद असला तरी बॉसच्या डब्यात बफर असतो, सिग्नल त्याच्यातून जातोच, आणि पिकअपचा आणि फझचा तो थेट संबंध तुटतो. नॉब सातवर आणला तर क्लीन होत नाही, नुसता किरकिरा राहतो. डबा तोच, गिटार तीच. म्हणून माझ्याकडे गिटारमधून पहिली केबल फझमध्ये जाते, ट्यूनर त्याच्या मागे. नेटवरच्या रांगेत ट्यूनर पहिला असतो, असू दे.

आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला फझ घेणार असाल तर आपल्या हवेचा विचार करा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, तापमान चढलं की ट्रान्झिस्टरमधली गळती वाढते आणि बायस, म्हणजे त्याचा ठरवून दिलेला व्होल्टेज, सरकतो. डिसेंबरात मऊ, मधाळ वाजणारा फझ मे महिन्यात उघड्या मैदानावरच्या स्टेजवर, दुपारच्या साउंडचेकला, फुरफुरायला लागतो, नोट विरता विरता मध्येच तुटते. इंग्लंडात बसून जर्मेनियमचे गोडवे गाणाऱ्यांना विदर्भातला मे माहीत नाही. सिलिकॉनवाला फझ थोडा उजळ असतो पण मे असो की माघ, तसाच वाजतो. घरात रेकॉर्डिंग करणार असाल तर जर्मेनियम घ्या, बाहेर वाजवणार असाल तर सिलिकॉन, किंवा वर बायसचा नॉब दिलेला जर्मेनियम.

बफर म्हटलं की लगेच ट्रू बायपासवाले अंगावर येतात म्हणून थोडक्यात. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना ते फक्त एक तार असतं. ऐकायला शुद्ध वाटतं. पण केबलला कपॅसिटन्स असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड धरा, गिटारपासून बोर्डपर्यंत पाच-सहा मीटर, बोर्डपासून ॲम्पपर्यंत तेवढीच, मधल्या पॅच केबल्स वेगळ्या, आणि पॅसिव्ह पिकअपला हे सगळं एकट्याने ओढायचं, मग वरचा ट्रेबल जाणारच. रांगेत कुठेतरी एक चांगला बफर असला की त्याच्या पुढची लांबी जाणवेनाशी होते. सगळी पेडल्स ट्रू बायपास घेतलेला माणूस आणि "माझा टोन गुदमरतोय" म्हणणारा माणूस हा बहुतेक एकच असतो. फझनंतर बॉसचा ट्यूनर ठेवला की काम झालं, बफरही मिळाला, ट्यूनरही.

मॉड्युलेशनवर मी फार बोलणार नाही, मला त्यातलं थोडंच लागतं. कोरस ड्राइव्हच्या नंतर ठेवला की रुंद, गुळगुळीत, ऐंशीच्या दशकातला आवाज. बॉसचा पहिला सीई-१ हा १९७६ मध्ये आला तो मुळात जेसी-१२० मधलाच कोरस डब्यात घालून, त्यामुळे जॅमरूममध्ये जेसी असेल तर कोरसचं पेडल घरी ठेवलं तरी चालतं. फेजर मात्र मला ड्राइव्हच्या आधी आवडतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने एमएक्सआर कंपनीचा फेज ९० हा फेजर ॲम्पच्या आधीच लावलेला असायचा, म्हणजे फाटणारा ॲम्प फेजरच्या नंतर, त्यामुळे तो घुमण्याचा प्रकार ओरडून दिसत नाही, नोट फक्त आतून जरा हलते. नंतर लावला तर विमान उतरल्यासारखं होतं. दोन्ही करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे.

डिले लूपमध्ये की ॲम्पच्या आधी, याचं उत्तर गेन कुठून येतंय त्यावर आहे. गेन पेडलमधून, ॲम्प क्लीन, तर डिले सरळ शेवटी, लूपची गरजच नाही. गेन ॲम्पच्या प्रीॲम्पमधून येत असेल तर डिले त्याच्या नंतर गेला पाहिजे, म्हणजे इफेक्ट्स लूपमध्ये, आणि मग चार केबल ओढत बसा. डिले घेताना माझी एकच अट असते, टॅप टेम्पो पाहिजे, म्हणजे पायाने ठेका देऊन डिलेचा वेग ठरवता आला पाहिजे. ठिपक्याचा आठवा, म्हणजे डॉटेड एट्थ वाजवायचा असेल तर हिशोब असा की ६०,००० भागिले टेम्पो, गुणिले पाऊण. १२० च्या टेम्पोला ३७५ मिलिसेकंद, १०० ला ४५०. पण ड्रमर खरा माणूस असतो, कोरसला आला की पळतो, तेव्हा हे आकडे उपयोगाचे नाहीत, पायाने टॅप करता आलं पाहिजे.

आता पॉवर सप्लाय, ज्याच्यावर कुणालाच पैसे घालायचे नसतात. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतात, पिन आतून निगेटिव्ह. व्होल्ट आणि पोलॅरिटी जुळलीच पाहिजे, मिलिअँपिअर सप्लायचे जास्त असले तर चालतं, कमी असून चालत नाही. घरात पडलेला राउटरचा अडॅप्टर बसतो म्हणून लावू नका, तो बहुतेक वेळा १२ व्होल्टचा आणि आतून पॉझिटिव्ह असतो, डिजिटल पेडल जागच्या जागी जाऊ शकतं. साधा ओव्हरड्राइव्ह ५ ते १० मिलिअँपिअर खातो, डिजिटल डिले, रिव्हर्ब ६० पासून ३०० पर्यंत. एकाच अडॅप्टरवर डेझी चेन करून सगळ्यांना जोडणं म्हणजे चाळीतल्या एका नळावर सगळ्यांनी बादल्या लावणं, साधे डबे असतील तर निभतं, एखादा डिजिटल घुसला की त्याच्या क्लॉकची बारीक शिट्टी ड्राइव्हमध्ये शिरते आणि ड्राइव्ह तिला शंभरपट मोठी करून ऐकवतो. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येकाला वेगळी लाइन मिळते. आणि पीएनपी जर्मेनियम फझ, ज्याची जमीन पॉझिटिव्ह असते, तो तर डेझी चेनवर लावायचाच नाही, सप्लायच शॉर्ट होतो.

हम येत असेल तर नॉइज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) मागवण्याआधी शोध घ्या. गिटार हातात घेऊन जागेवरच गोल फिरा, हम कमी-जास्त झाला तर तो सिंगल कॉइल पिकअप हवेतून पकडतोय, पेडलचा संबंध नाही. फिरून फरक पडत नसेल तर एकेक पेडल रांगेतून काढा आणि ऐका. दोन ठिकाणी अर्थ झाल्यामुळे ग्राउंड लूप असेल तर बोर्ड आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावल्यावर बऱ्याचदा जातो. जनरेटरवरच्या मंडपात, नाहीतर अर्थिंगचा पत्ता नसलेल्या जुन्या हॉलमध्ये साउंडवाला कधी कधी थ्री-पिनची अर्थ पिन काढून "आता हम गेला बघा" म्हणतो. तसं वाजवू नका. हातात तारा, ओठाला माइक, आणि मधे तुम्ही. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते त्याच्यासाठीच आहे. गेट लागलाच तर ड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी, म्हणजे डिलेची शेपूट कापली जात नाही.

"मल्टिइफेक्टच, म्हणजे सगळे इफेक्ट असलेला एकच डबा, का घेऊ नये?" घ्या की. मी त्याच्या विरोधात नाही, उलट पहिली खरेदी तीच असावी असं माझं मत होत चाललंय, कारण रांग बदलून बघायला तिथे केबल काढावी लागत नाही, स्क्रीनवर डबा उचलायचा आणि पुढे टाकायचा. आणि ॲम्प नसलेल्या स्टेजवर त्यातलं कॅब सिम्युलेशन उपयोगी पडतं. गणपतीत मुंबईतल्या बेंजो पार्ट्या बघा, बेंजोवाला मल्टिइफेक्टमधून अशा आवाजात "देवा श्री गणेशा" काढतो की आपण तीन महागडी पेडल्स लावून बघत राहावं. त्याला ट्रू बायपासचं काही पडलेलं नाही. मल्टिइफेक्टवर वर्षभर वाजवून कुठला आवाज आपण खरंच वापरतो ते कळलं की मग तेवढंच पेडल सुटं घ्या. सुटं घेताना आपल्याकडे बनणारेही बघा, मुंबईच्या ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनचे डबे परदेशातले लोक मागवतात आणि आपण मात्र कस्टम्स भरून तिकडून आणतो.

एवढं सगळं असून सुटीच पेडल्स घ्यायची आणि पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: ट्यूनर, तुमच्या नेहमीच्या ॲम्पवर एकट्याने चांगला वाजणारा एक ड्राइव्ह, टॅप टेम्पोचा डिले, आणि लगेच सप्लाय. कॉम्प्रेसर, वाह, कोरस हे सगळं नंतर, किंवा कधीच नाही.

बोर्ड म्हणून माझ्याकडे सुताराकडून करून घेतलेली १२ एमएम प्लायची उतरती फळी आहे, खाली सप्लाय. वेल्क्रो चांगल्या गोंदाचा घ्या, मे महिन्यात गाडीच्या डिकीत बोर्ड ठेवला की स्वस्तातला गोंद पाघळतो आणि पेडल्स सरकून एकमेकांच्या अंगावर येतात. पावसाळ्यात जॅक हिरवे पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा शंभर उपयोगाचा आहे, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत मिळतो. पेडल कधी कधी खरखरतं ते पेडल बिघडल्यामुळे नाही, पॅच केबलच्या टोकामुळे.

आणि वेल्क्रो चिकटवण्याआधी पेडल्स काही दिवस जमिनीवर नुसती मांडून वाजवा. सध्या माझी रांग फझ, ट्यूनर, फेजर, रॅट, टीएस, डिले अशी आहे, रिव्हर्ब नाही, वाह आत-बाहेर होत असतो. तुम्ही रॅट आणि टीएसची अदलाबदल करून बघितलीत तर काय झालं ते सांगा, पण ॲम्प कुठला होता तेही सांगा, ॲम्प न सांगता नुसतं "भारी वाटलं" म्हणालात तर मला त्यातून काहीच कळणार नाही.